शालननं आणलेलं पिवळं कार्ड

सकाळची वेळ, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातली गर्दी... आणि बाकावर माझ्या खांद्याला डोकं टेकून बसलेली अक्का. वीसेक वर्षं झाली, पण त्या दिवसांचा शीण अजून अंगातून गेलेला नाही.

अक्का माझी मोठी बहीण. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तशी ती शिरोळहून कागलला आमच्याकडं परत आली. हृदयाची झडप खराब झाली होती. केस विंचरले तरी धाप लागायची...

डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल. खर्च ऐकून आई खालीच बसली. मग दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाच्या मॅडमनी सांगितलं, पिवळं रेशनकार्ड असेल तर सरकारी योजनेतून ऑपरेशन होईल.

बाबांना पेन्शन, म्हणून आमचं कार्ड केशरी. अक्काचं नाव अजून नवऱ्याच्याच पिवळ्या कार्डावर होतं.

तिचं वेगळं कार्ड काढायला गेले तर कागलला म्हणाले, आधी शिरोळमधून नाव कमी करून आणा. शिरोळला म्हणाले, मूळ कार्ड आणा. मी शिलाईच्या कारखान्यात कामाला. रजा संपल्या, मग बिनपगारी जात राहिले... आणि फिरून फिरून त्याच कार्डापाशी येत राहिले.

शेवटी एका दुपारी दाजींच्या दारात उभी राहिले. ते जेवत होते. दवाखान्याचं, मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगून कार्ड मागितलं, तर उठलेही नाहीत.

"नांदाय नको आन कार्ड तेवढं पायजे व्हय?" म्हणाले.

ती दुसरी बाई, शालन, चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी तशीच परतीची एसटी पकडली.

अक्काला सांगितलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. दमलीस तू." तिला धड श्वास घेता येत नव्हता... आणि दमले होते म्हणे मी.

पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा ॲडमिट करावं लागलं. दुपारी मान वर केली तर वॉर्डच्या दारात शालन! कागलला घरी विचारून आली होती. पदराखाली पिशवी, पिशवीत कार्ड.

"मॅडमना दावा आन झेरॉक्स काढून घ्या," मला म्हणाली. "सांच्याला माघारी ठेवाय पायजे. त्यास्नी ठावं न्हाई."

अक्कानं कार्ड उघडून बघितलं. "तुझं नाव न्हाई की गं यात?"

"न्हाई. तुमचं कमी झाल्याबिगर माझं चढत न्हाई म्हणत्यात."

"मग उद्याच कमी करून टाकू की..."

"गडबड करू नका, अक्का," शालन म्हणाली. "नाव हाय तवर आदी आपरेशन हुं दे. मी काय, हाय तशी हाय."

अक्कानं पाय आखडून तिला कॉटवर जागा केली. मी मॅडमना कार्ड दाखवून, झेरॉक्स काढून परत आले, तर शालन अक्काची वेणी घालत होती.

मंजुरीत आणखी बरेच दिवस गेले. कागद परत आले, पुन्हा गेले... पण अखेर पुण्यात ऑपरेशन झालं आणि अक्का वाचली. हिंडायला लागल्यावर तिनं स्वतः शिरोळला जाऊन आपलं नाव कमी करून दिलं. शालनचं पुढं चढलं की नाही, कुणी सांगितलं नाही.

खर्च सरकारनं केला, हात डॉक्टरांचा. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण शालन, त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तुला काय ऐकावं लागलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही... असशील तिथं बरी अस गं.