ड्रॉइंगमध्ये नसलेली सही

पुणेकरांनो, एक अत्यंत गंभीर बाब आपल्या कानावर घालतो: एका महासत्तेला वारज्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये साफ नकार मिळाला, आणि मी तिथे चहा पीत हजर होतो.

आमचे मालक पंपाचे बुश, म्हणजे आतल्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या, बनवत. मी त्यांची इंग्रजी पत्रं लिहायचो. गिऱ्हाइकाने मापांच्या ड्रॉइंगपेक्षा जरा काही जादा मागितलं की मालक कानावरची पेन्सिल काढून विचारत, "ड्रॉइंगमध्ये आहे का?" नसेल तर विषय संपला. जावयाने दिवाळीत घड्याळ मागितलं, तेव्हाही हेच विचारलं म्हणतात.

आमचा निम्म्याहून जास्त माल एकाच देशात जाई. त्या देशाने मध्यंतरी भारतातून येणाऱ्या मालावर जबर कर लावला आणि वर बजावलं: भारताने तेल कुणाकडून घ्यायचं ते आम्ही सांगू. लगोलग तिथल्या आमच्या गिऱ्हाईक कंपनीचा इथला माणूस एक पत्र घेऊन आला. 'सरकारने ही अट मान्य करावी,' असं आम्ही दिल्लीला कळवायचं. सही केली तर ऑर्डर चालू.

मालकांनी चष्मा लावला. बुशचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीचं टोक त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. बाराही कामगार लेथ थांबवून बघत होते; पणाला लागलेले पगार त्यांचे होते.

"अहो, व्यास आहे, लांबी आहे. माझ्या सरकारनं काय करावं, ते काही दिसत नाही बुवा."

"ऑर्डर जाईल, साहेब."

"जाऊ दे. चहा मात्र पिऊन जा. तो ऑर्डरवर अवलंबून नाही."

ऑर्डर गेलीच. पुढे कितीतरी महिने मालक नमुन्यांची पिशवी घेऊन एसटीने फिरले. सांगली, राजकोट, शेवटी केनिया. केनियाला एसटी जात नाही. तिथे माझं इंग्रजी गेलं. कामगार मात्र एकही घरी बसला नाही.

गेल्या वर्षी मालक गेले. पेन्सिल अजून टेबलावर आहे.

परवा तोच माणूस परत आला. आमच्यासारखा बुश त्यांना कुठे मिळाला नव्हता. ऑर्डर दुप्पट, आणि तिच्याखाली हळूच सरकवलेलं तसलंच एक पत्र. मालकांची मुलगी आता कारखाना बघते. तिने ते दोनदा वाचलं, बाहेर लेथकडे पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं. मी, एवढा बोलका माणूस, दुप्पट ऑर्डरचे आकडे पुन्हा मोजू लागलो.

तेवढ्यात शेड झाडून चहा करणाऱ्या आमच्या मावशी, ज्यांनी जन्मात कधी ड्रॉइंग वाचलं नाही, कपबशा तिथेच आदळून ओरडल्या, "अगं ताई, ड्रॉइंगमध्ये हाय का ते, आधी बघ की!"