पाडव्याला सांगितलेली एप्रिल फूलची जन्मकथा

मी धरमपेठेत मुलगी पाहायला गेलो तो पाडव्याचा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी एक एप्रिल. मुलगी मला पोहे देतानाच पसंत पडली होती. आता तिच्या वडिलांना माझी विद्वत्ता पसंत पडावी म्हणून मी एप्रिल फूलची जन्मकथा काढली.

"म्हणतात, पूर्वी फ्रान्समध्ये नवं वर्ष याच दिवसांत सुरू व्हायचं," मी म्हणालो. "पुढे राजानं ते जानेवारीत नेलं. तरी जे अडाणी एप्रिलातच सण करत राहिले, त्यांना लोक मूर्ख म्हणू लागले."

वडिलांनी दारातल्या गुढीकडे पाहिलं. सकाळी त्यांनीच ती उभारली होती.

"मंग सकाळपासून आमी काय करून राहिलो, बाप्पा?"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. तेवढ्यात मुलीनं कडुलिंबाच्या चटणीची वाटी पुढे केली. "घ्या जी. शहाण्याले जरा जास्त लागते."

मी ती वाटी हसत हसत चाटूनपुसून संपवली. त्यावरच लग्न जमलं, असं सासरे सांगत. आता दर पाडव्याला मी स्टुलावर चढून गुढी बांधतो आणि बायको खालून विचारते, "काहून जी, अडाणी झाले का?"