तापलेल्या हलगीचा लूप

हलगी वाजवण्याआधी अण्णा ती गालाला लावून बघत. चामडं पुरेसं तापलेलं नसेल तर समोर कुणीही ताटकळत असो, ते पुन्हा जाळापाशी जाऊन बसत. जाळ पुठ्ठ्याच्या नळ्यांचा. कापडाच्या ताक्यांमधून निघालेल्या या नळ्या सुरतच्या लिंबायतमध्ये हव्या तेवढ्या मिळतात. "गार हलगीवर पाय उठत न्हाईत, ताई," एवढंच म्हणत आणि नळी मोडून जाळात सारत.

अण्णा लातूरकडचे, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. आमच्या गल्लीतल्या मुलींच्या लेझीम पथकाची व्यवस्था माझ्याकडे होती: सरावाच्या वेळा, गणवेश, पिण्याचं पाणी, मिरवणुकीची परवानगी. वाजवणारे मात्र एकटे अण्णा. त्यांची पाळी बदलली की सराव बुडायचा. शेवटी मी हलगी रेकॉर्ड करायचं ठरवलं. लॅपटॉपवर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, व्हिडिओ बघून शिकले. शेजारचे लूम बंद असलेला दिवस निवडला, स्वयंपाकघराच्या दाराला गोधड्या टांगल्या आणि अण्णांना आत बसवलं. त्यांनी एक लांबलचक तुकडा सलग वाजवला. त्याचं शेपूट मी त्याच्याच तोंडाला जोडलं, म्हणजे त्याचा लूप होऊन तो कितीही वेळ फिरत राहील. जोड इतका साफ बसला की पडद्यावरही दिसेना. पथकाच्या कामांची मी एक यादी ठेवली होती, तिच्यात या कामावर खूण केली.

त्यानंतर सराव रोज झाला. काही आठवड्यांनी अण्णांना रजा मिळाली आणि ते गच्चीवर बघायला आले. लूप सुरू होता. एका ठिकाणी सगळ्या रांगेने एकदम उडी मारली.

"ह्ये काय करू लालेत पोरी? उडी कुणी शिकवली?"

"तुम्हीच, अण्णा," पुढच्या रांगेतली भारती म्हणाली.

अण्णांनी लूप दोनदा ऐकला आणि मान हलवली. वाजवता वाजवता चामडं गार होत गेलं होतं आणि आवाज हळूहळू उतरला होता. तुकडा संपून पुन्हा सुरू झाला की गार आवाजाला लागून एकदम तापलेल्या हलगीचा चढा आवाज येई. ठोक्याला ठोका मी बरोबर जोडला होता, आवाजाचा फरक माझ्या कानाला कळलाच नव्हता. मुलींच्या पायांना तो कळला होता.

"आमले ती उडी भारी वाटस, अण्णा," भारती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ने."

"आन् मिरवणुकीत मी वाजवीन तवा उडी कशावर मारशील? माझ्या डोक्यावर?"

शिवजयंतीची मिरवणूक तोंडावर आली होती. मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये आवाज सारखा करून बघते. अण्णा म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर ऱ्हाऊ द्या. जाळ पेटवा."

त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही. हलगी तापवायची, गालाला लावायची, तापलेली असतानाच छोटा तुकडा वाजवायचा. मग पुन्हा जाळ. प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर अण्णा चार ठोके जास्तीचे देत, म्हणजे मधला भाग कापला तरी घुमारा तुटत नसे. मला बरा वाटलेला तुकडाही ते ऐकत आणि म्हणत, "परत." संध्याकाळी जेव्हा लूप फिरला, तेव्हा तो कुठे वळतो हे अण्णांनाही सांगता येईना. मुलींची उडी मोडायला मात्र आठवडा गेला. त्या वर्षी मिरवणुकीत अण्णांनी वाजवलं आणि एकही पाय चुकला नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना डाइंगच्या वाफेपासून लांब राहायला सांगितलं. ते गावी निघाले. मिरवणूक काढणाऱ्या आमच्या मंडळाच्या बैठकीत ठरत आलं होतं की लूप स्पीकरवर लावावा, नाहीतर पथक रद्द करावं. सामान बांधता बांधता अण्णा म्हणाले, "लूप सरावाला. रस्त्यात एखादी पोरगी अडखळली तर लूप थांबल का तिच्यासाठी?"

"मग वाजवणार कोण?"

"तुम्ही."

"मला ताल नाही, अण्णा."

"शिकायला लूप हाय की."

हलगी ते घेऊन गेले; ती त्यांची होती. मी दुसरी मागवली. रोज संध्याकाळी लूप लावून त्याच्यावर वाजवत राहिले. आधी घरचे हसले, मग शेजारचे, मग कुणीच हसेना.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत पहिल्याच वळणावर रिक्षा आडवी आली आणि माझा ताल सुटला. मुली पांगल्या नाहीत. भारतीने हात वर केला आणि सगळी रांग जागच्या जागी लेझीम वाजवत राहिली, मला ठोका सापडेपर्यंत.

संध्याकाळी अण्णांना फोन करून हे सांगितलं.

"थांबल्या व्हय पोरी?"

"थांबल्या."

"मग झालं," अण्णा म्हणाले. "उद्या हात दुखंल. तरी वाजवा."