कपाटात लपवलेलं हँडल

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंग सांभाळून घ्या.

माझे बाबा पंच्याहत्तरचे. त्यांची लाडकी पिकअप दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, म्हणजे त्यांच्याहून म्हातारी. गोल दिवे, लाकडी हौदा. सिग्नलला लोक फोटो काढतात. खरं सांगते, मलाही मिरवायला आवडायचं.

आज सकाळी कात्रजचा घाट उतरताना बाबा शांतपणे म्हणाले, "ब्रेक लागत नाहीये. दगड घे."

सीटखाली ते कायम एक मोठा दगड ठेवतात. मी त्याला हसायचे.

बाबांनी पहिला गिअर टाकून गाडी डोंगराकडच्या चरात घातली. वेग कमी होताच मी उडी मारली आणि चाकाखाली दगड सरकवला. गाडी थांबली. मी रस्त्यातच बसले. बाबा बॉनेट थोपटत म्हणाले, "बघितलंस? वेळेला ऐकते!"

गाडी टो करून कोथरूडला घरी आणली. पुढून फिरवून ती सुरू करायचं लोखंडी हँडल मी गुपचूप कपाटात माझ्या साड्यांखाली लपवलं.

तीन तास झाले. बाबा गाडीखाली शिरून ब्रेक बघताहेत, शीळ वाजवताहेत. हँडलबद्दल त्यांनी एका शब्दानं विचारलेलं नाही.

जाणकारांनो, या गाड्यांना दोन हँडलं असतात का हो?