दार लावून बोलायची मराठी

आमच्या घरी सहा महिने एक जर्मन मुलगी राहिली आणि आपण भारतात आलो आहोत हे तिला कळू नये, यासाठी आम्ही तिघांनी जिवाचं रान केलं.

तिचं नाव लिसा. माझी मुलगी प्राजक्ता गंगापूर रोडवरच्या ज्या कॉलेजात शिकते, त्या कॉलेजाचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. तिकडची एक मुलगी इकडे येणार, नाशिकच्या एका घरात राहून बोलती मराठी आणि घरातल्या चालीरीती शिकणार. तिचं नीट पार पडलं, तर पुढच्या सत्रात इकडची एक मुलगी तिकडे जाणार. ही इकडची मुलगी म्हणजे आमची प्राजक्ता. दोन वर्षं ती जर्मनचा क्लास करत होती, आंघोळ करतानासुद्धा क्रियापदं घोकायची. सहा महिन्यांनी लिसाच्या प्रोफेसर बाई स्वतः येऊन तिची परीक्षा घेणार आणि करार पुढे चालवायचा की गुंडाळायचा ते ठरवणार होत्या. म्हणजे लिसाचं काही बिघडलं, की प्राजक्ताचं जाणं बारगळलंच.

मी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी विभागात. परदेशातून आलेला सुटा भाग जसा आला तसाच ठेवायचा, त्याला आपला तेलकट हात लावायचा नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. लिसा यायच्या आदल्या दिवशी मी घरात बैठक घेतली. (आमच्याकडे बैठक म्हणजे मी बोलतो आणि माझी बायको मंगल मेथी निवडते.) नियम असे ठरले: तिच्यासमोर फक्त इंग्रजी बोलायचं. सकाळी ओट्स, दुपारी ब्रेड, संध्याकाळी उजेड असताना उकडलेल्या भाज्या. तिखट हा शब्दसुद्धा काढायचा नाही. आणि तिकडचे पुरुष घरकाम करतात असं इंटरनेटवर वाचल्यामुळे रविवारी केर मी काढायचा आणि जेवणानंतर ती बघत असेपर्यंत सिंकपाशी भांडी घासायलाही मीच उभं राहायचं.

"अहो, ती आपलं बघायला येतेय ना?" मंगल म्हणाली. "मग तिचंच तिला काय दाखवायचं?"

"तिचं पोट बिघडलं तर पोरीचं विमान चुकेल," मी म्हणालो.

मंगल "बरं" म्हणाली. लग्न झालेल्या वाचकांना हे "बरं" वेगळं समजावून सांगायला नको.

लिसा आली. गुणी पोरगी. ओट्स पुढे ठेवले की खायची, थँक यू म्हणायची. आम्हीही थँक यू म्हणायला लागलो. मीठ दिलं तरी थँक यू, मीठ घेतलं तरी थँक यू. दोन दिवसांनी मंगलने मला विचारलं, की आपण मुलाखतीला बसलोय का कुठल्या? पण मला ते शोभून दिसत होतं असं माझं मत होतं.

खरी अडचण पोटाची झाली, आणि तीही आमच्या. उजेडातच उकडलेला फ्लॉवर खाल्लेला माणूस नऊ वाजता परत माणसात येतो आणि त्याला भाकरी आठवते. मग लिसा तिच्या खोलीत गेली, की आम्ही स्वयंपाकघराचं दार आतून लावून दुसरं जेवण जेवायला लागलो. पिठलं, भाकरी, ठेचा. दिवसभराची तुंबलेली मराठीही तिथेच मोकळी व्हायची. ओट्सवरून भांडणं व्हायची, नातेवाइकांची उणीदुणी निघायची, सगळं दबक्या आवाजात. ठेच्याचा खकाणा दाराखालून बाहेर गेला की लिसा खोलीत खोकायची. शेजारी फर्निचरला पॉलिश चाललंय असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

रविवारची मिसळ तर सोडणं शक्यच नव्हतं. नाशिकचा माणूस एकवेळ रविवार सोडील. मग दर रविवारी सकाळी आम्ही तिघं दातांच्या डॉक्टरकडे जायला लागलो. लिसा दारापर्यंत सोडायला यायची आणि काळजीने "ऑल द बेस्ट" म्हणायची. परत येताना आमचे डोळे लाल, नाकं गळतायत, हे पाहून तिला फार वाईट वाटायचं.

अशात एका रविवारी सटाण्याकडची माझी आत्या डाळिंबांची पिशवी घेऊन न सांगता दारात उभी राहिली. मी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन सोफ्याखाली घुसलो होतो. आत्याने माझे पाय ओळखले.

"दिलप्या," ती तिथेच खाली बसली, "तुनी नोकरी गई का रे?"

नोकरी शाबूत आहे, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. तोवर ती मंगलकडे अशी पाहत होती, की मंगलने तिसऱ्यांदा चहा टाकला. मी लिसाला सांगितलं, की आत्यांनी महिन्याभरापूर्वीच वेळ घेऊन ठेवली होती. मग आत्याला बाजूला घेऊन समजावलं, की ही मुलगी जाईपर्यंत येण्याआधी एक फोन करत जा. आत्याला ते लागलं.

"मन्हा भाचाना घर येवाले फोन कसाले लागस?" ती म्हणाली, आणि मग फोन करावा लागू नये म्हणून परत गेलीच नाही.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. कॉलेजच्या हॉलमध्ये लिसा "नाशिकच्या कुटुंबातलं जीवन" या विषयावर बोलणार होती. पुढच्या रांगेत प्रोफेसर बाई, त्यांच्या मागे प्राध्यापक आणि विद्यार्थी, आणि उरलेल्या खुर्च्यांवर आमची अख्खी सोसायटी. सोसायटीला मीच आग्रहाने बोलावलं होतं. (कौतुक चारचौघांत व्हावं असं मला नेहमी वाटतं.)

लिसाने इंग्रजीत सुरुवात केली. पडद्यावर आमच्या डायनिंग टेबलाचा फोटो होता. नाशिकची कुटुंबं संध्याकाळी साडेसहाला जेवतात, ती म्हणाली. सोसायटीत कुजबुज झाली. मुख्य आहार ओट्स. कुजबुज वाढली. पाहुणे फोन करून, वेळ ठरवूनच येतात. आत्या मोठ्यांदा खाकरली. जेवणानंतर भांडी घरातला पुरुष घासतो. आता सोसायटीतले सगळे पुरुष माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडे. नाशिकच्या लोकांचे दात मात्र नाजूक असतात, लिसा शेवटी हळहळून म्हणाली, दर रविवारी पूर्ण कुटुंबाला डॉक्टरकडे जावं लागतं.

हॉल हसून लोटपोट झाला. एकट्या प्रोफेसर बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिसाला विचारलं, की जे तुला आपल्या घरी बसून मिळालं नसतं, असं इथे काय मिळालं?

लिसाने विचार केला. "ऊन," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विद्यार्थी इतक्या लांब पाठवायचे कशाला, हे त्या बोलल्या नाहीत, पण सगळ्यांना ऐकू आलं. शेजारी बसलेल्या प्राजक्ताने माझा हात धरला. मला त्या वेळी खरंच रडू फुटणार होतं. उभी हयात विमानं उडावीत म्हणून तपासण्या करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोरीचं विमान जमिनीवरच पाडलं होतं.

"बरं, थोडं मराठी बोलून दाखव," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. सहा महिन्यांत आम्ही तिला मराठीचा एक शब्द शिकवला नव्हता.

लिसाने माइक जवळ घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि हुबेहूब मंगलच्या आवाजात म्हणाली, "अहो, हळू बोला. तिला ऐकू जाईल."

मग तिने आवाज जाड केला. हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय असं मला वाटलं. "मंगल, ठेचा आहे का गं अजून?" परत कमरेवर हात. "आहे. पण आधी ते ओट्स संपवा. हौसेनं आणलेत ना, आता तुम्हीच गिळा." सोसायटी टाळ्या वाजवायला लागली. लिसाने त्या थांबू दिल्या आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला तिच्याशी असं वागायची लाज वाटते हो."

ते वाक्य प्राजक्ताचं होतं. माझी मान खाली गेली.

मग लिसाने अडखळत, पण मराठीतच सांगितलं. "मी रोज दाराबाहेरच्या फ्रिजजवळ उभी राहायचे. पाणी पिते असं दाखवायचे. मला वाटलं, मराठी ही दार लावून बोलायची भाषा आहे. आत यायला वय लागत असेल. म्हणून मी दार वाजवलं नाही, आणि आतलं भाषणातही सांगितलं नाही."

बाईंना मराठी येत नव्हती, ती पारख कॉलेजच्या प्राध्यापकांवर सोपवलेली; त्यांना यातलं काही कळेना. तेव्हा प्राजक्ता उठली आणि तिने सगळं जर्मनमध्ये सांगायला घेतलं. दुसरं जेवण, पॉलिश, मिसळ, दात, बाप. पहिली दोन वाक्यं अडली, मग ती थांबेचना. बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. त्या म्हणाल्या, की घराने जे लपवलं तेच नेमकं शिकून घेणारी मुलगी आम्ही पाठवली असेल, तर करार चालू ठेवायलाच हवा. आणि ही भाषांतर करणारी मुलगी कधी येणार आहे आमच्याकडे?

त्या दिवशी घरी आल्यावर लिसा सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि आत्याने तिच्यासमोर भाकरी थापली. ठेच्याने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, पण तिने पुन्हा मागून घेतला. पोट बिघडलं ते माझं, काळजीने.

सगळं सुरळीत झालं. प्राजक्ता आता जर्मनीत आहे. मी मात्र परीक्षेच्या रात्री बेसावधपणे ताट सिंकमध्ये ठेवून निघालो, तर मंगलने हाक मारली.

"अहो, कुठे निघालात? जर्मनीच्या विद्यापीठासमोर सांगितलंय तिने, नाशिकचे पुरुष भांडी घासतात म्हणून. आता तिला खोटं पाडू नका."

तेव्हापासून घासतोय. लिसाला सहा महिन्यांचे पूर्ण क्रेडिट मिळाले, प्राजक्ताचंही तिकडे उत्तम चाललंय. देवाणघेवाणीच्या या परीक्षेत माझी फक्त ताट-वाटी सुटली आहे. कढईत मंगलने मला अजून एटीकेटी देऊन ठेवली आहे.