वर केलेला हात

दूरचित्रवाहिनीच्या जुन्या शिवणखात्यातली ती एकटीच उरली होती, म्हणून तर तिला बोलावणं आलं. नाहीतर तीस वर्षं तिथं झगे, पडदे आणि राक्षसांच्या शेपट्या शिवल्या, पण पडद्यावर तिचं नाव कधी आलं नाही. साहेबाच्या ड्रायव्हरचं एकदा आलं होतं. हिचं नाही.

नवरा जाऊन चार महिने झाले होते. रडू आलं नव्हतं. बहीण म्हणाली, मोकळी हो गं एकदा. ही आपली भांडी विसळत राहिली. दात काढल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण बोट लावलं तरी कळत नाही, तसं सगळं.

जुनी अवकाशमालिका नव्याने दाखवायची होती. काळी-पांढरी, तेरा भागांची. त्याचं संकलन करणारी मुलगी तिशीतली, चुणचुणीत.

"या आजी, बसा."

"आजी घरी. इथं मावशी म्हण."

मुलीने पहिला भाग लावला. यानाचं दार ढकललं की अख्खं यान हलायचं. बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं. उल्का दोऱ्याला टांगलेल्या, आणि दोरा ढळढळीत दिसत होता.

"आता बघताना हसू येतं हो मावशी. चाचणीला वीस जण बसवले होते, लोळले हसून. एकाने तर झाकणं मोजली. पण चौथ्या भागाला सगळे चिडीचूप."

चौथ्या भागात अवकाशवीर परक्या ग्रहावर उतरतो. दहा पावलं चालतो, थांबतो आणि सावकाश उजवा हात वर करतो. संगीत नाही, बोलणं नाही. हात तसाच वर.

"चाळीस सेकंद!" मुलीने चित्र थांबवलं. "आज इतकं थांबायची छाती आहे कुणाची? लोक म्हणतात, हा परक्या ग्रहाला केलेला सलाम. बाकीचं यान कोसळलं तरी चालेल, मालिका या हातावर उभी आहे. हे सुचलं कसं, तेवढं कॅमेऱ्यासमोर सांगा."

मुलीने हिच्या गळ्याशी माईक लावला, कॅमेरा सुरू केला.

शिरस्त्राणाच्या आत हिचा नवरा होता. वाहिनीतला सुतार. नट पोशाखात मावला नाही, म्हणून ऐन वेळी त्याला कोंबलेला.

"सुचलं-बिचलं काही नाही," ती म्हणाली. "शिरस्त्राण मी केलं. फट दिसू नये म्हणून गळ्याशी घट्ट शिवलं आणि हवेला भोक ठेवायचंच विसरले. आमची खूण ठरलेली, गुदमरलं की हात वर करायचा. त्याने केला."

"मग?"

"मग काय. तेव्हा भाग एका दमात टिपायचे. मधे थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. दिग्दर्शक साहेबांना वाटलं, गडी झकास करतोय. मी कडेला कात्री घेऊन उभी. पुढे सरकले तर साहेबांनी बोटानेच दम दिला. मी थांबले."

"चाळीस सेकंद?"

"नोकरी होती गं. शिवण उसवली तेव्हा ओठ निळे पडले होते. म्हणाला, पक्की आहे हां तुझी शिलाई. पुन्हा कधी विषय काढला नाही."

मुलगी चाचरत म्हणाली, "मावशी, हे नको ठेवूया का? लोकांना सलाम आवडलाय. मूड जाईल त्यांचा."

लोकांच्या मूडची या कचेऱ्यांना भारी काळजी. आत कोण गुदमरतंय, ते विचारायला कुणाला सवड नसते.

तिने माईक काढून टेबलावर ठेवला. "मग माझं काहीच नको."

"रागावू नका ना."

"राग येत नाही. चार महिने काहीच येत नाही. पण तेव्हा गप्प राहिले, आता राहणार नाही."

"वरती विचारावं लागेल."

"विचार. मी बसलेय."

मुलगी फोन घेऊन बाहेर गेली. पडद्यावर तो हात वर करून उभा. तिने पाहिलं. काही हललं नाही आत. हातमोज्याचा अंगठा जरा तिरका बसलाय, तेवढं दिसलं.

मुलगी परतली. "ठेवा म्हणतायत. पण अगदी शेवटी, नावं सरकतात तिथं, बारीक अक्षरात."

"हात वर जातो तिथं पाहिजे."

"मावशी, तिथं लोक भारावून बघत असतात."

"बघू दे की. तिथंच तो हवा मागत होता. शेवटी सांगून त्याला काय मिळणार?"

मुलीने दाराकडे पाहिलं, मग पडद्याकडे. फोन पालथा ठेवला आणि माईक उचलून पुन्हा हिच्या गळ्याशी लावला.

"वरच्यांचं मी बघते. तिथंच टाकते. आधी त्यांचं नाव सांगा."

तिने नाव सांगितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग धंदा सांगितला, सुतार. त्याला श्वास घेता येत नव्हता आणि मला ते माहीत होतं, असं म्हणून थांबली. आवाज सपाट होता, दुकानात सामानाची यादी वाचावी तसा.

"अजून काही, मावशी?"

"नाही. एवढंच होतं."