टायरातले स्टंप

“अगं, रन-आउट दिला म्हणून बंडूनं स्टंपला हात घातला! निवृत्तीदाजी समोरच उभे… आन रक्त तर लई…”

गिरणीत दळणाला आलेली एक बाई सांगत होती, तेवढ्यात गिरणीचा पट्टा फिरला आणि पुढचं सगळं त्या घरघरीत गेलं!

माझं घर मैदानाला लागून. किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही, चेंडूसारखे आपणच अंगणात येऊन पडतात. हा मात्र अर्धाच पडला. दळण तिथंच टाकलं आणि निघाले.

कारण गोष्ट साधी नव्हती. गेल्या वर्षी फायनलला मारामारी झाली आणि शेजारच्या पमीच्या पोराला, संतोषला, भुवईवर स्टंप बसला. डोळा थोडक्यात वाचला. सरपंचांनी सांगून टाकलं, “पुन्हा एक जरी हात उठला, तर टूर्नामेंट कायमची बंद!”

टाके घातलेला संतोषच उभा राहिला. “मॅच बंद केली तर हीच पोरं पारावर भांडतील. मॅच नाय, भांडण बंद करू. मी बघतो.”

आणि खरंच लागला की मागं!

*

आधी भांडणं कधी होतात ते त्यानं हुडकलं. मोठी दोन्ही संकष्टीला! ओझरचा गणपती जवळ, त्यामुळं अर्धी टीम उपाशी. संतोष म्हणाला, “काकी, उपाशी माणसाला वाइड बॉलसुद्धा अपमान वाटतो!”

तेव्हापासून चतुर्थीला मॅच नाही. एरवी दोन्ही टीम आधी एकत्र जेवणार, मग खेळणार. समोरच्या टीमची, धरणाकाठच्या डिंभ्याची पोरं येताना तळलेले मासे घेऊन आली. आमचा विकेटकीपर मॅचनंतर कुरकुरला, “त्यांचे मासे खाल्ले, आता शिवी तोंडातून निघंना राव!”

*

बघ्यांची तोंडं मात्र सुटलेलीच. त्यावर संतोषचा नियम : कुणी आईवरून शिवी दिली, की शिवी देणाऱ्याच्याच आईला माईकवर बोलवायचं.

पहिला सापडला बाळ्या. त्याची आई म्हशी धूत होती, तशीच ओल्या हातानं आली. माईक धरला आणि म्हणाली, “बाळ्या, कुणाच्या आईचं नाव घेतलंस रं? तीबी माझ्यावानीच असंल की!”

बाळ्या अजून मॅच बघतो, पण तोंडात रुमाल धरून.

*

अंपायर व्हायला कुणी तयार होईना. गावातली सगळी नाती मला पाठ, म्हणून नाव मीच सुचवलं. निवृत्तीदाजी! जन्म डिंभ्याकडचा आणि जावई आमच्या गावचे. त्यांची पोरं गाववाल्याला मारणार नाहीत, आमची जावयाला!

दाजी म्हणाले, “मावशी, मानपान ऱ्हाऊ द्या, हेल्मेट द्या!”

पहिल्या मॅचला मोटारसायकलचं हेल्मेट घालूनच उभे राहिले. बॅटला बॉल लागल्याचा आवाजच येईना! दुसऱ्या मॅचपासून बोडक्यानं.

*

राहिले स्टंप. संतोषनं जुन्या टायरात सिमेंट ओतलं आणि तिन्ही स्टंप त्यात रोवले. “आता उपटून दाखवा!”

*

तर मी धापा टाकत मैदानावर पोचले. रक्त खरंच होतं. पण दाजी धडधाकट!

दाजींचा सख्खा मेव्हणा बंडू मातीत बसलेला, पायाचा अंगठा लालभडक. रागाच्या भरात त्यानं स्टंप उपटायला जोर लावला, टायर जरासा कलला आणि धाडदिशी त्याच्याच पायावर बसला! आता दाजी खाली बसून स्वतःचा टॉवेल त्याच्या अंगठ्याला गुंडाळत होते.

सरपंच आले. संतोषचा चेहरा पांढराफटक. वर्षभराची मेहनत त्या अंगठ्यावर येऊन थांबलेली.

“दाजी, तुमी अंपायर. खरं सांगा, हात उठला का न्हाई?”

दाजींनी मानसुद्धा वर केली नाही. “सरपंच, स्टंपच उठला न्हाई, तर हात कुठनं उठंल?”

सरपंच टायराकडं बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. “चला, पुढचा बॅट्समन पाठवा.”

संतोषनं डोळे पुसले. तेवढ्यात बंडू कण्हला, “दाजी, पण मी क्रीजमधी व्हतो!”

दाजींनी टॉवेलची गाठ आवळली.

“आउटच हायेस. पाय सरळ धर.”